निपुत्रिक सर व्हिक्टरची वंशावळ



गेली दोन-तीन वर्षं महाराष्ट्रात घरोघरी जुने कागद बाहेर निघत आहेत. सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. शाळेचे दाखले, जन्ममृत्यूची रजिस्टरं, हक्कनोंदीची पानं, सगळ्यांवरची धूळ झटकली गेली. मोडी वाचणाऱ्याला कधी नव्हे एवढा मान आला. इथे जामनेरात चहाच्या टपरीवरसुद्धा माणसं एकमेकांना पणजोबांचं नाव विचारू लागली. या शोधाचा हेतू दाखल्यापुरता असेल; तरी त्यामुळे आपण पुन्हा आपल्या वाडवडिलांच्या नावांपाशी आलो, हे मला फार मोलाचं वाटतं.

आज मात्र मी आपल्या गावाची वंशावळ सांगणार नाही. एका श्रीमंत इंग्रज सरदाराची सांगणार आहे. त्याला मूलबाळ नव्हतं. 13 ऑगस्ट 1961 च्या सुमारास वेस्ट इंडिजकडच्या बहामा बेटांवर, नासाऊ गावी तो वारला आणि त्याच्याबरोबर त्याचा किताबही संपला. त्याचं नाव सर एलिस व्हिक्टर ससून. किताब होता बॅरोनेटचा, आणि त्या किताबाच्या सनदेवर गाव लिहिलं होतं मुंबई.

बॅरोनेट म्हणजे काय, ते आधी सांगतो. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने 1611 साली हा किताब काढला. आयर्लंडमधल्या अल्स्टर प्रांतात सैन्य ठेवायला पैसा हवा होता. तीस शिपायांचा तीन वर्षांचा खर्च, म्हणजे 1,095 पौंड, जो भरेल त्याला हा किताब मिळे. नावामागे ‘सर’ लागे. साधा ‘सर’ माणसाबरोबर जातो. बॅरोनेटचा ‘सर’ बापाकडून मुलाकडे जातो. आपल्या खानदेशाचा या किताबाशी थोडा संबंध आहे. धरणगावला भिल्लांची पलटण उभारणारा जेम्स आउट्रम 1858 साली बॅरोनेट झाला. त्याला मुलगा होता, म्हणून किताब पुढे चालला.

किताबाची अट मोठी कडक असते. पोटचा, औरस, आणि मुलगाच हवा. दत्तक चालत नाही. आपल्याकडे दत्तकाने घराणं चालतं. आपल्या शेजारच्या मालेगावाजवळच्या कवळाण्याचा गोपाळ 1875 साली बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर बसला आणि सयाजीराव महाराज झाला. त्याआधी कवळाण्याच्या गायकवाडांचं मूळ घराण्याशी काय नातं, हे नीट तपासलं गेलं. तिथे वंशावळीचा कागद एका शेतकऱ्याच्या पोराला राजवाड्यापर्यंत घेऊन गेला. बॅरोनेटच्या घरी असा कागद कामाचा नाही. पहिल्या बॅरोनेटच्या पुरुषवंशात कुणी उरलं नसेल आणि सनदेत वेगळी तरतूद नसेल, तर दार बंद.

आता व्हिक्टरची पाळंमुळं शोधू या. तो 1881 साली इटलीत नेपल्सला जन्मला. शिक्षण हॅरो आणि केंब्रिजला. पहिल्या महायुद्धात नौदलाच्या विमानदलात होता; अपघातात पाय कायमचा अधू झाला. पुढे दिल्लीच्या केंद्रीय कायदेमंडळाचा सभासद. 1929 साली मजुरांची स्थिती तपासायला व्हिटली आयोग नेमला गेला, त्यात गिरणीमालक व्हिक्टर ससून होता आणि त्याच आयोगात कामगारांचे पुढारी ना. म. जोशीही होते. याच काळात त्याने आपलं भांडवल मुंबईतून शांघायला नेलं. तिथल्या नदीकाठी त्याने बांधलेलं कॅथे हॉटेल 1929 साली उघडलं. 1949 नंतर चीनही सुटला. घोड्यांचा त्याला विलक्षण नाद. 1953 च्या एप्सम डर्बीत त्याच्या पिंझा घोड्याने खुद्द राणीच्या घोड्याला मागे टाकलं. 1957, 1958 आणि 1960 साली पुन्हा त्याचेच घोडे जिंकले. आयुष्याच्या अखेरीला, 1959 साली, त्याने आपली सेवा करणाऱ्या अमेरिकन परिचारिकेशी लग्न केलं.

या माणसाचा बाप एडवर्ड एलियास ससून, दुसरा बॅरोनेट. पण एडवर्डलाही किताब बापाकडून आला नव्हता. तो आला थोरल्या भावाकडून, जेकब एलियास ससूनकडून. जेकब हा मुंबईच्या गिरणीधंद्यातला फार मोठा माणूस. त्याचं एकुलतं एक मूल तान्हेपणीच गेलं. 1909 साली त्याला बॅरोनेट केलं तेव्हा सनदेतच लिहून घेतलं गेलं, की याच्यामागे किताब भावाकडे जावा. म्हणजे पहिला बॅरोनेट निपुत्रिक, तिसराही निपुत्रिक. 1909 ते 1961, अवघ्या 52 वर्षांत एक किताब आला आणि गेला.

जेकबने मुलाच्या जागी दगडमातीत नावं ठेवली, असं मला नेहमी वाटतं. मुंबईच्या फोर्टातलं केनेसेथ एलियाहू हे 1884 सालचं सिनेगॉग बापाच्या स्मरणार्थ. शांघायचं ओहेल राशेल सिनेगॉग बायकोच्या नावाने. मुंबईच्या विज्ञानसंस्थेला मोठी देणगी. जेकब ससून मिल तर गिरणगावातल्या जुन्या माणसांच्या तोंडी आजही आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ससूनांच्या गिरण्या विकल्या गेल्या आणि त्या ‘इंडिया युनायटेड मिल्स’ झाल्या. दादरच्या चैत्यभूमीजवळ ज्या इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांचं स्मारक उभं राहत आहे, ती इंडिया युनायटेडचीच सहा नंबरची गिरणी.

जेकब आणि एडवर्ड यांचा बाप एलियास डेव्हिड ससून. हा 1844 साली चीनला गेला आणि 1867 साली भावापासून वेगळा होऊन त्याने स्वतःची पेढी काढली. त्याचा बाप डेव्हिड ससून. आणि डेव्हिडचा बाप ससून, बगदादच्या ज्यूंचा म्होरक्या आणि तिथल्या पाशाचा खजिनदार. बगदादच्या दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून डेव्हिड आधी इराणच्या बुशेर बंदरात पळाला आणि 1832 च्या सुमारास मुंबईत उतरला.

ही नावं ऐकताना तुमच्या लक्षात आलं असेल. जेकब एलियास, एलियास डेव्हिड, डेव्हिड ससून. स्वतःचं नाव, मग बापाचं नाव. ही तर आपलीच रीत! आपल्याकडे रामदास नामदेव पाटील म्हटलं, की बाप कळला. बगदादी ज्यू मुंबईत आले तेव्हा त्यांचंही असंच होतं, म्हणून चार पिढ्या नुसत्या नावांवरून वर चढता येतं. आजोबाच्या बापाचं नाव आडनाव होऊन बसलं, एवढाच फरक. मात्र मंडळी इंग्लंडात स्थिरावली तशी ही साखळी तुटली. एडवर्डच्या मुलाचं नाव एलिस व्हिक्टर. बापाचा त्यात पत्ता नाही. थोरल्या शाखेतला शेवटचा पुरुष फिलिप, त्याच्या बापाचं नावही एडवर्ड, पण मुलाच्या लांबलचक नावात आल्बर्ट आहे, गुस्ताव आहे, डेव्हिड आहे, एडवर्ड नाही. जिथे नावातून बाप जातो तिथे शोधणाऱ्याला सनदा, मृत्युपत्रं आणि थडगी पाहावी लागतात.

फिलिपची कथा व्हिक्टरइतकीच लक्षात राहणारी आहे. डेव्हिडचा थोरला मुलगा अब्दुल्ला. त्याने इंग्लंडात आल्बर्ट हे नाव घेतलं. कुलाब्याचा ससून डॉक त्याने 1875 साली बांधून पुरा केला. मुंबईच्या ज्या घोडेस्वार पुतळ्यामुळे त्या भागाला काळा घोडा म्हणतात, तो पुतळाही त्याचीच देणगी. 1890 साली आल्बर्ट बॅरोनेट झाला. त्याच्यामागे मुलगा एडवर्ड, एडवर्डमागे फिलिप. फिलिप 1912 पासून मरेपर्यंत पार्लमेंटात निवडून येत राहिला, महायुद्धात सेनापती हेगचा चिटणीस होता, पुढे हवाईखात्याचा उपमंत्री झाला. लग्न केलं नाही. 1939 साली पन्नाशीतच गेला आणि त्याची रक्षा विमानातून त्याच्या ट्रेंट पार्क या वाड्यावर विखुरली गेली. तोही किताब तिथेच मिटला. एका डेव्हिडच्या दोन मुलांच्या शाखांमध्ये दोन बॅरोनेटपदं आली आणि दोन्ही बावीस वर्षांच्या अंतराने निपुत्रिकांपाशी येऊन थांबली.

घराण्याचा पैसा कुठून आला, हेही वंशावळीचंच अंग आहे. तो अफूतून आला आणि कापसातून आला. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. त्या व्यापारात ससून अगदी पुढे होते. चीनमधल्या लाखो घरांची राखरांगोळी ज्या मालाने केली त्याचा नफा ससूनांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या दवाखान्यांत, वाचनालयांत, धर्मशाळांत आहे. देणगीची पाटी वाचताना हे विसरू नये. दुसरा माल कापूस. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडकला आणि विलायतेच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली. त्याच दशकात खानदेशात आगगाडी आली आणि आपला कापूस थेट बंदराला जाऊ लागला. पुढे पाचोरा-जामनेर गाडी आली, आपली पीजे. काळ्या मातीतून निघालेल्या बोंडाची किंमत मुंबईतल्या पेढ्यांवर ठरत होती. पेढ्यांच्या मालकांची थडगी संगमरवराची आहेत. कापूस वेचणाऱ्या बायांची नावं कुठल्याच वहीत नाहीत.

आणि आता मला जे सांगायचं आहे त्यापाशी येतो. आपल्याकडे भाट येतो, वही उघडतो, नावं वाचतो. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडेही पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी आहेत. या वह्यांचे आपल्यावर उपकार आहेत. पण तिथे बहुधा बापामागे मुलगा, मुलामागे नातू अशी एकच वाट असते. ज्याला मूल नाही तिथे रेघ संपते. मुलगी परक्या घरी गेली, तिचं नावच नाही. इंग्रजांची किताबाची वहीसुद्धा अगदी अशीच आहे. त्या वाटेने गेलो तर ससून घराणं 1961 साली संपलं असं म्हणावं लागेल, आणि ते साफ खोटं आहे.

बाजूला वळून पाहा. फ्लोरा ससून मुंबईची मुलगी. आल्बर्टची नात, लग्न झालं डेव्हिडच्या सॉलोमन या मुलाशी. 1894 साली नवरा गेल्यावर तिने मुंबईची पेढी स्वतः चालवली. मुंबईत प्लेग आला, शास्त्रज्ञ हाफकिनने 1897 साली लस तयार केली आणि लोक सुईला घाबरत होते, तेव्हा तिने पुढे होऊन लस टोचून घेतली. तिचा मुलगा डेव्हिड मोठा विद्वान निघाला. हिब्रू हस्तलिखितं त्याने जमवली आणि बगदादच्या ज्यूंचा इतिहास लिहिला. आज या घराण्याविषयी जे कळतं त्यात त्याचा वाटा मोठा आहे.

रेचल बीअर, माहेरची ससून, 1858 साली मुंबईत जन्मली. लंडनमध्ये ‘ऑब्झर्व्हर’ आणि ‘संडे टाइम्स’ या दोन वृत्तपत्रांची ती संपादक झाली, तेही एकोणिसाव्या शतकात! तिलाही मूल नव्हतं. तिची संपत्ती ज्यांना मिळाली त्यांत तिचा भाचा होता. हा भाचा म्हणजे कवी सिगफ्रीड ससून. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतून आलेली त्याची युद्धविरोधी कविता जगभर वाचली जाते. त्याच्या बापाने ख्रिस्ती मुलीशी लग्न केलं म्हणून घराण्याने त्या बापाला दूर लोटलं होतं. म्हणजे ज्या फांदीला घराण्याने परकं केलं, तिनेच हे आडनाव साहित्यात ठेवलं. आणि फिलिपची बहीण सिबिल 1989 पर्यंत जगली. भावाचे कागद, चित्रं, आठवणी तिच्या घरी टिकल्या.

या घराण्याची पत्रं बगदादी ज्यूंच्या बोलीत, हिब्रू अक्षरांत लिहिलेली असत. बाहेरच्याला वाचता येऊ नयेत अशी. इतिहासकार जोसेफ ससून यांनी ती वाचली आणि 2022 साली त्यांचं पुस्तक आलं. आपल्या मोडी दफ्तरांचं तसंच आहे. वाचणारा असेल तर घराणं बोलतं, नसेल तर कागद रद्दीत जातात.

पुण्याला जाल तेव्हा कॅम्पातल्या ज्यूंच्या लाल देवळापाशी जरा थांबा. 1864 साली डेव्हिड ससून पुण्यातच वारला. त्या देवळाच्या आवारात त्याची कबर आहे. देऊळ आणि ससून रुग्णालय दोन्ही 1867 सालची. आपल्या जळगाव-धुळ्याकडचे किती तरी रुग्ण ससूनच्या वॉर्डात बरे झाले असतील.

श्रोतेहो, घरी वंशावळ लिहायला बसाल तर एवढं करा. निपुत्रिक चुलत्याचं नाव गाळू नका. त्याने कुणाला शिकवलं, कुणाचं लग्न लावलं, विहीर कुठे खोदली, तेही लिहा. आत्याचं नाव, तिचं सासर, तिच्या मुलांची नावं लिहा. ज्याला घरातून काढलं त्याचंही लिहा. आजीला तिच्या माहेरची माणसं विचारा, ती आहे तोवर विचारा. मोडी कागद असेल तर तो वाचणाऱ्याला दाखवा, मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा आणि मूळ कागद कोरड्या जागी ठेवा.