किल्ली वाचणारा कारकून



कुलूप कसे फोडतात हे ऐकायला आपल्यापैकी काही जण आले असतील, तर त्यांची थोडी निराशा होणार आहे. मला आज बोलायचे आहे ते कुलपाशेजारी बसलेल्या एका कारकुनाविषयी.

संगणकावर गुप्तलेखन करायचे, तर त्यासाठी तयार कार्यक्रमांचा जो संच वापरतात, त्याला लायब्ररी म्हणतात. तिच्यात मोठमोठ्या संख्यांचे अवघड गणित करणारे पंडित असतात आणि त्यांच्या हाताखाली किरकोळ कामे उरकणारी लहान लहान फंक्शने असतात. आमचा कारकून त्यांतलाच. बाइटांची अक्षरे करायची आणि अक्षरांचे परत बाइट करायचे, एवढेच त्याचे काम.

बाइट म्हणजे ० ते २५५ यांतला एक आकडा. हे सगळेच आकडे छापता येत नाहीत, की टपालातून सुखरूप पोचत नाहीत. म्हणून 'बेस-६४' नावाची रीत निघाली. इंग्रजीची २६ मोठी अक्षरे, २६ लहान, दहा अंक आणि दोन चिन्हे, अशी ६४ घरे. तीन बाइट घ्यायचे, त्यांच्या २४ बिटांचे सहा-सहाचे चार वाटे करायचे, आणि प्रत्येक वाट्यापुढे एक अक्षर मांडायचे. आता गंमत पाहा. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत आपल्या देवनागरीचे प्रत्येक सुटे चिन्ह नेमके तीन बाइटांचे असते. 'म' म्हणजे २२४, १६४, १७४. त्याचे बेस-६४ होते चारचा आकडा, मोठा के, मोठा एस आणि लहान यू. 'म'च कशाला, देवनागरीतले कोणतेही चिन्ह एकटे घ्या, सुरुवात चार आणि के यांनीच व्हायची! जाणत्याने नुसती नजर टाकली, तरी मजकूर देवनागरी आहे हे त्याला कळते.

हे सांगण्याचे कारण असे की, वाचता येत नाही ते गुप्तच असले पाहिजे, असा आपला एक भाबडा समज असतो. पणजोबांचे मोडी दस्तऐवज आपल्याला वाचता येत नाहीत. म्हणून काय पणजोबांनी ते गुप्त लिपीत लिहिले होते? मोडी शिकलेला माणूस ते घडाघडा वाचतो. बेस-६४चे तसेच आहे. त्याला किल्ली नाही, केवळ कोष्टक आहे, आणि ते कोष्टक जगजाहीर आहे. एका संस्थेने सभासदांचे पासवर्ड "सुरक्षित करून" ठेवल्याचे मला मोठ्या अभिमानाने दाखवले होते. ते बेस-६४मध्ये होते. मी कागदपेन्सिल घेऊन पहिला उलगडून दाखवला, तेव्हा चहा निवून गेला.

पण हा झाला अज्ञानाचा प्रकार. जाणत्यांच्या घरात काय घडले, ते अधिक विचार करण्याजोगे आहे.

आरएसए पद्धतीची खाजगी किल्ली पुष्कळदा 'पेम' नावाच्या फायलीत ठेवतात, आणि त्या फायलीत ती बेस-६४मध्येच लिहिलेली असते. म्हणजे पंडितांच्या हाती किल्ली पडण्याआधी ती कारकुनाने वाचायची. पंडितांवर पहारा कडक. गणिताला लागणाऱ्या वेळेवरून किंवा स्मृतीतल्या हालचालीवरून गुपित फुटू नये म्हणून त्यांच्या प्रत्येक पावलाची तपासणी झालेली. कारकुनाकडे मात्र फारसे कोणी पाहिले नव्हते. जर्मनीतील ल्युबेक विद्यापीठाच्या चार संशोधकांनी २०२१ साली नेमके तिकडे पाहिले.

छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही युक्ती चटकन समजेल. त्याच्या हातातला खिळा दुरून दिसत नाही. पण हात कोणत्या केसकडे गेला, ते दिसते. कारकूनही प्रत्येक अक्षरासाठी कोष्टकातल्या एका घराकडे हात नेतो. संगणकाची जवळची स्मृती बहुधा ६४ बाइटांच्या तुकड्यांनी हलते. कोष्टक १२८ घरांचे आणि नीट मांडलेले असेल, तर त्याचे दोन तुकडे पडतात. आकडे व चिन्हे पहिल्यात, अक्षरे दुसऱ्यात. पाळत ठेवणाऱ्याला एवढेच कळते की, आता आकडा किंवा चिन्ह वाचले, आता अक्षर वाचले.

एवढ्याने काय होणार, असे कोणीही म्हणेल. मीही म्हटले असते. परंतु त्या फायलीत एकच गुपित अनेक तऱ्हांनी लिहिलेले असते : दोन मूळ संख्या, गुप्त घातांक, त्याचे शेष. एका जागी निसटलेला कण दुसऱ्या जागच्या कणाशी ताडून पाहता येतो. न जुळणाऱ्या शक्यता छाटत गेले की किल्ली हाती येते. किल्ली एकदाच वाचली जात असताना ठेवलेली पाळत त्यांना पुरली. आणि हे त्यांनी केले ते इंटेलच्या 'एसजीएक्स' या बंदिस्त खोलीत, जिथे यंत्राच्या मालकानेही डोकावू नये अशी योजना आहे!

उपाय अवघड नाही. कोष्टक काढून टाकायचे आणि अक्षराचा आकडा बेरीज-वजाबाकीने असा काढायचा की, अक्षर कोणतेही असो, कारकुनाचा हात त्याच वाटेने जावा. 'लिबसोडियम' या लायब्ररीने हीच रीत धरली आहे. आणि बेस-६४ म्हणजे गुप्तलेखन नव्हे, असे आपल्या माहितीपत्रकात बजावूनही ठेवले आहे. या रीतीने काम किंचित सावकाश होते, अशी तक्रार ऐकू येते. पण खाजगी किल्ली काही क्षणोक्षणी वाचायची नसते. कार्यक्रम सुरू होताना एकदा वाचली की संपले.