पाचांतील एक परकी



शरद ऋतूच्या रात्री भाद्रपदांचा चौकोन माथ्यावर येतो. त्याच्या वायव्येस, महाश्व तारकासमूहातच, अंधूक दीर्घिकांचा एक दाट घोळका आहे. मार्सेयच्या वेधशाळेतून एदुआर स्तेफां यांनी १८७७ साली तो शोधला. ‘स्टीफनचे पंचक’ हेच त्याचे रूढ नाव.

दहा-बारा इंची दुर्बीण घेऊन शहराच्या उजेडापासून दूर जावे. एनजीसी ७३३१ ही ठळक दीर्घिका गाठून अर्धा अंश दक्षिणेस सरकावे. थेट रोखून न पाहता नजर किंचित कडेला ठेवली, की धूसर ठिपके उमटू लागतात. छायाचित्रासाठी काही मिनिटांची अनेक चित्रे घेऊन ती एकावर एक जुळवावी लागतात. तेव्हा कुठे दीर्घिकांच्या ओढल्या गेलेल्या शेपट्या दिसतात.

या पाचही दीर्घिका एकाच कुटुंबातील वाटतात. परंतु १९६१ मध्ये मार्गारेट व जेफ्री बर्बिज या दांपत्याने वर्णपट तपासले, तेव्हा निराळेच आढळले. चौघी सेकंदाला ५,७०० ते ६,७०० किलोमीटर वेगाने दूर जात होत्या. एनजीसी ७३२० मात्र अवघ्या ८०० किलोमीटर वेगाने. वेगावरून अंतर ठरत असेल, तर ही पाचवी आपल्या कितीतरी जवळची ठरते. हॅल्टन आर्प यांना ते मान्य नव्हते. पाचही एकत्रच आहेत आणि ताम्रसृतीवरून अंतर मोजण्याची रीतच सदोष आहे, असे ते म्हणत. प्रश्न एका दीर्घिकेचा नव्हता. विश्वाच्या मोजपट्टीचा होता. विसंगत ताम्रसृतींची दखल घ्यावी, असा आग्रह धरणाऱ्यांत आपले डॉ. जयंत नारळीकरही होते.

उत्तर मिळाले ते अधिक बारकाईने पाहिल्यामुळे. २०२२ च्या जुलैमध्ये प्रसिद्ध झालेले वेब दुर्बिणीचे छायाचित्र सुमारे एक हजार प्रतिमांतून जुळविलेले आहे. त्यात एनजीसी ७३२० मधील तारे सुटे दिसतात. ती सुमारे ४ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. उरलेल्या चौघी सुमारे २९ कोटी प्रकाशवर्षांवर आहेत. त्यांचे नाते मात्र खरे आहे. त्यांपैकी एनजीसी ७३१८ ब ही सेकंदाला सुमारे ९०० किलोमीटर वेगाने समूहात घुसत असून तेथील वायूत आपल्या आकाशगंगेहून मोठी आघातलहर उठली आहे.

आर्प यांचा निष्कर्ष येथे टिकला नाही; तथापि त्यांनी शंका घेतली म्हणूनच हा समूह इतक्या कसोशीने तपासला गेला. ज्या वास्तूत परस्परविरोधी मतांचे ग्रंथ एकाच कपाटात शंभर वर्षे जपले गेले, तेथील सभासदांना या शंकेचे मोल वेगळे सांगावयास नको.