हातोहातीं गेलेलीं कवनें

शांततेचा महिमा गाणारीं काव्यें जगांत पुष्कळ आहेत. परंतु जीव धोक्यांत घालून लिहिलेलीं थोडींच. जपानी वाङ्मयांत तांका नांवाचा एक प्राचीन रचनाप्रकार आहे. पांच चरण आणि अवघे ३१ ध्वनि, एवढाच त्याचा विस्तार. कवींनीं एकत्र जमून असे तांका परस्परांस ऐकवावे, ही तेथील जुनी चाल.

हिरोशिमाच्या कवयित्री शोदा शिनोए याच परंपरेंतल्या. ता. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं त्यांच्या नगरावर अणुबाँब पडला. शोदाबाई त्यांत सांपडल्या, पण वांचल्या. पुढें जपानांत जेत्या सैन्याचा अंमल बसला आणि त्याच सप्टेंबरापासून छापील मजकुरावर कडक नियंत्रण आलें. त्या संहाराविषयीं लिहिणें धोक्याचें ठरलें. तरीही १९४७ सालीं शोदाबाईंनीं ‘सान्गे’, म्हणजे ‘पश्चात्ताप’, हा तांकासंग्रह गुप्तपणें छापविला. प्रती अवघ्या १५०. त्या दुकानांत गेल्या नाहींत. विश्वासाच्या माणसांच्या हातीं एकेक देण्यांत आली.

शोदाबाई १९६५ सालीं निवर्तल्या. त्या बाँबनें मारलेल्या शाळांतील मुलांचें व शिक्षकांचें स्मारक हिरोशिमांत १९७१ सालीं उभें राहिलें, तेव्हां त्यावर त्यांचाच एक तांका कोरला गेला. एके काळीं लपवून द्यावें लागलेलें कवन आज वाटसरूसही उघड वाचतां येतें.

मोठा ग्रंथ जप्त करणें सोपें असतें. ३१ ध्वनींचें कवन मात्र वाचणारा मनांत घेऊन जातो. आणि तेथें कोणासही पहारा बसवितां येत नाहीं.