पगार कोणी कोणाला द्यायचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी ह्या दिवशी आपण बालसंगोपन, बचत, नाहीतर उन्हाळी वाळवण असा एखादा विषय घेतो. ह्या वर्षी मी विमानाचा विषय मागून घेतला, तेव्हा चिटणीसबाईंनी माझ्याकडे जरा चमकून पाहिले. त्यांचेही बरोबर आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि विमानात बसले ती एकदाच, तीही मधल्या जागेवर. पण विषय विमानाचा असला तरी त्यातले पैसे आपल्या घरांतून जातात, आणि कर्जाच्या कागदावर एक सही बहुधा आईची असते. तेव्हा बोलायला हरकत नसावी.

मुलींनी वैमानिक व्हावे की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कलकत्त्याहून सिल्चरला विमान नेले, तेव्हा त्यातले सगळे कर्मचारी स्त्रियाच होत्या. आता आपल्या आळीतल्या मुलीही त्या वाटेने जात आहेत. चांगलेच आहे. पण ही वाट फार महाग आहे. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते, डॉक्टरी तपासणी, लेखी परीक्षा आणि दोनशे तासांचे उड्डाण लागते; मग डीजीसीए हे सरकारी खाते परवाना देते. एवढ्यालाच चाळीस-पन्नास लाख आणि पुष्कळदा त्याहून जास्त लागतात. इतके करूनही मुलगी एअरबस चालवू शकत नाही. त्या जातीच्या विमानाचे शिक्षण वेगळे घ्यावे लागते, त्याला टाइप रेटिंग म्हणतात, आणि त्याचे आणखी काही लाख.

एवढे झाल्यावरही नोकरी दाराशी उभी नसते. २०२३ ह्या एका वर्षात डीजीसीएने १६२२ नवे परवाने दिले. दुसरीकडे २०१२ मध्ये किंगफिशर, एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्ट ह्या कंपन्यांची विमाने बंद पडली. त्यांचे अनुभवी वैमानिकही रांगेत आले. मग दोनशे तासांच्या पोरीला कोण विचारणार? घरी हप्ता तर दर महिन्याला येतो. दलाल नेमका अशाच घराचा पत्ता शोधत येतो.

आमच्या ओळखीच्या एका घरी असा कागद आला. परदेशातली कंपनी, प्रवासी विमान, पाचशे तास उड्डाणाची हमी. रक्कम पस्तीस लाख. घर आधीच गहाण होते. आता वहिनींच्या पाटल्या आणि गावाकडची जमीन ह्यांच्यावर गोष्ट आली होती. कागद इंग्रजीत. मुलगी एकेक वाक्य मराठीत सांगत होती आणि मी ऐकत होते.

मी विचारले, "पगार किती?"

ती म्हणाली, "पगार नाही, काकू. आपणच पैसे भरायचे."

"मग विमान रिकामे जाते का?"

"नाही, प्रवासी असतात."

"आणि प्रवासी तिकीट काढतात?"

"काढतात ना."

मैत्रिणींनो, मी हिशेबात फार हुशार नाही, पण हा हिशेब मला काही केल्या जुळेना. पंगत बसली आहे, पानामागे पैसे घेतले आहेत, स्वयंपाकीण चुलीपुढे उभी आहे, आणि वर त्या स्वयंपाकिणीनेच यजमानाला पैसे मोजायचे! मुलगी हसली. वहिनी मात्र हसल्या नाहीत.

ह्या प्रकाराला विमानवाल्यांच्या बोलीत पे-टू-फ्लाय म्हणतात. विमानात पुढे दोन खुर्च्या असतात, डावी कॅप्टनची आणि उजवी सहवैमानिकाची. ही उजवी खुर्ची तासांच्या हिशेबाने विकायची, असा हा व्यवहार. कंपनीचा पगार वाचतो, शिवाय वर पैसे येतात, दलालाचे कमिशन सुटते. विकत घेतलेले तास संपले की मुलाला निरोप, आणि त्या खुर्चीवर पुढचा गिऱ्हाईक. अमेरिकेत, युरोपात आणि इंडोनेशियाकडे अशा खुर्च्या विकल्या गेल्या आहेत. युरोपातल्या वैमानिकांच्या संघटनेने हे बंद करा म्हणून मागणी लावून धरली. बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठाने २०१५ साली सहा हजारांहून अधिक वैमानिकांची पाहणी प्रसिद्ध केली, तीतही ह्या प्रथेचा विषय होता.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. नवीन सहवैमानिक प्रवासी घेऊनच, अनुभवी कॅप्टनच्या शेजारी बसून शिकतो. नोकरीवर घेतलेलाही तसाच शिकतो, त्यात गैर काही नाही. टाइप रेटिंगचे पैसे उमेदवाराकडून घेणेही पुष्कळ ठिकाणी चालते. ते जड आहे, पण त्यात निदान शिक्षण पदरी पडते. माझी तक्रार निराळी आहे. ज्याने कर्ज काढून खुर्ची विकत घेतली आहे, तो अंग मोडून आले, डोळे मिटू लागले, तरी "आज मी उडणार नाही" असे म्हणायला धजेल का? मागे बसलेल्या दीडशे माणसांना ह्यातले काहीच ठाऊक नसते. त्यांच्यात आपणही असू.

आणि हे सगळे, खुर्ची खरोखर मिळाली तर! पुष्कळदा नोंदणीचे पैसे घेऊन दलाल नाहीसाच होतो. तेव्हा आम्ही त्या गृहस्थांना फोनवरून चार गोष्टी विचारल्या. विमान कंपनीचे पत्र कंपनीच्याच पत्त्यावरून आम्हाला येईल का? त्या देशाचे सरकार आपला परवाना मान्य करील, हे कोणी पाहायचे, आणि नाही केला तर पैसे परत कधी? पाचशे तास किती महिन्यांत? भांडण झाले तर कोर्ट कुठले? पहिल्याला ते म्हणाले, कंपनीशी परस्पर बोलायचे नाही. शेवटच्याला म्हणाले, कागदात आहे. कागदात परदेशातले कोर्ट होते. तिथे जाण्याच्या तिकिटालाच आणखी एक पाटली लागली असती. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला, दोनच जागा उरल्या आहेत म्हणून. साड्यांच्या सेलमध्येही असेच सांगतात, हे आपल्याला ठाऊक आहेच.

पैसे भरले नाहीत. मुलीने दोन दिवस अन्न गोड मानले नाही, आणि मला तिचा राग समजतो. तिच्या बरोबरीचा एक मुलगा पैसे भरून गेला होता. पुढे तो पाचशे तास पुरे करून परत आला. त्या कंपनीने त्याला ठेवून घेतले नाही, आणि आता तो हिच्याच रांगेत आहे, कर्ज मात्र हिच्यापेक्षा मोठे. ही सध्या फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवण्याचा परवाना मिळवण्याच्या मागे आहे. तो मिळाला की उड्डाणाचे तासही वाढतील आणि थोडा का होईना, पगार तिच्या हातात येईल. घराचे हप्ते अजून आहेतच.

एक विनंती करते आणि बसते. तुमच्या घरी असा कागद आला असेल तर सही करण्यापूर्वी गुरुवारी दुपारी मंडळात घेऊन या. इंग्रजी वाचून दाखवायला तीच मुलगी येणार आहे. तिने आपण होऊन कबूल केले आहे. डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थांची यादी त्यांच्या वेबसाइटवर असते, तीही ती काढून दाखवील. येताना चष्मा आणि कर्जाचा जुना कागद बरोबर आणावा.