आफ्रिकेचा फुटबॉल चषक : संघ निवडायचा कोणी?



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आमच्या युनियनमधील एका सहकाऱ्याने मला वाटेतच गाठले. म्हणाला, "भाऊ, बोनस आणि ग्रॅच्युइटी सोडून हे फुटबॉलचे खूळ कुठून काढले? आणि तेही आफ्रिकेचे!" त्याचे म्हणणे अगदीच गैर होते असे नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कुस्ती आहे, कबड्डी आहे, गल्लोगल्ली क्रिकेट आहे; फुटबॉलचे वेड असे फारसे नाही. पण कामगार चळवळीत जे प्रश्न आमच्यापुढे रोज येतात, म्हणजे मान्यता कोणाच्या संघटनेला, माणसे निवडायची कोणी, काम बंद केव्हा करायचे आणि त्याची किंमत कोणी सोसायची, ते सगळे मला या एका स्पर्धेच्या इतिहासात एकत्र भेटले. म्हणून हा विषय घेतला.

महाराष्ट्राला हा खेळ नवा नाही. मुंबईत रोव्हर्स चषकाचे सामने १८९१ साली सुरू झाले. पहिली कितीतरी वर्षे तो चषक गोऱ्या पलटणींकडेच जाई. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या देशी संघाने तो प्रथम जिंकला. आणि अलीकडची गोष्ट सांगायची तर १८ ऑक्टोबर २०१७ रोजी नवी मुंबईत नेरूळच्या मैदानावर घाना आणि नायजर हे आफ्रिकेतील दोन देश एकमेकांशी खेळले. सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धेतला तो सामना होता. घानाने तो दोन गोलांनी जिंकला. आफ्रिकेतील दोन राष्ट्रांचा सामना मराठी मुलखात झाला, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटले नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. पण असे दोन देश स्वतःचा झेंडा घेऊन, स्वतः निवडलेला संघ घेऊन समोरासमोर उभे राहण्यासाठी काय घडावे लागले, ते समजायला आपल्याला साठ वर्षे मागे, सुदानची राजधानी खार्टुम येथे जावे लागेल.

सुदान म्हटले की आपल्या कापसाच्या मुलखातील जुन्या माणसाला लांब धाग्याची रुई आठवते. मुंबईच्या गिरण्या तलम सुतासाठी इजिप्त आणि सुदानचा कापूस आणीत. आणखी एक धागा आहे, तो मात्र थोड्यांना ठाऊक असतो. १९५३ साली सुदानात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा तिची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष आपले सुकुमार सेन होते; भारताची पहिली निवडणूक पार पाडणारे तेच हे गृहस्थ. १ जानेवारी १९५६ रोजी सुदान स्वतंत्र झाला. त्यानंतर जेमतेम वर्षभराने, फेब्रुवारी १९५७ मध्ये, इजिप्त, सुदान, इथिओपिया आणि दक्षिण आफ्रिका अशा चार देशांच्या प्रतिनिधींनी खार्टुमला बसून आफ्रिकेचा फुटबॉल महासंघ स्थापन केला आणि लगेच पहिली स्पर्धाही भरवली. इजिप्तवर सुएझसाठी तीन देशांनी हल्ला केला त्याला तेव्हा चार महिनेसुद्धा झाले नव्हते. घाना स्वतंत्र व्हायला अजून तीन आठवडे होते. बाकीच्या खंडावर बहुतेक परक्यांचेच राज्य होते.

या चौघांत दक्षिण आफ्रिकेच्या वतीने आलेला प्रतिनिधी गोरा होता. त्या देशात १९४८ पासून वर्णभेदाचा कारभार उघडपणे कायद्याने चालू होता, आणि १९५६ साली तिथल्या मंत्र्याने खेळांचेही धोरण जाहीर केले होते : गोऱ्यांनी गोऱ्यांशी खेळावे, इतरांनी आपापसात. तेव्हा खार्टुमच्या स्पर्धेला संघ पाठवायचा तर तो कसा? दक्षिण आफ्रिकेच्या मंडळाने दोन पर्याय पुढे केले : सगळा गोरा संघ पाठवतो, नाहीतर सगळा काळा पाठवतो, मिश्र संघ मात्र पाठवणार नाही.

वरवर पाहता यात इतरांना उदारपणाही दिसला असता. "सगळा काळा संघ" घ्या की! आफ्रिकेच्या स्पर्धेत काळे खेळाडू आले म्हणजे झाले. पण इजिप्त, सुदान आणि इथिओपिया यांनी दोन्ही पर्याय नाकारले. कारण त्या सगळ्या काळ्या संघाची निवडसुद्धा गोऱ्या मंडळाच्या कृपेनेच व्हायची होती. आम्हां कामगारांना हा डाव ओळखीचा आहे. मालक कधीकधी म्हणतो, समितीत कामगारांचे दोन प्रतिनिधी घेतो. पण ते दोघे कोण, हे मी ठरवणार.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत दुसरेही एक फुटबॉल मंडळ होते. १९५१ साली आफ्रिकी, भारतीय वंशाचे आणि मिश्रवर्णीय अशा तिघांच्या संघटना एकत्र येऊन ते उभे राहिले. डर्बनचे वकील जॉर्ज सिंग हे त्याच्या धुरीणांपैकी एक. नाताळच्या उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी १८६० पासून जे गिरमिटिये मजूर इथून नेले, त्यांची नातवंडे-पतवंडे या मंडळाच्या संघांतून खेळत होती. खेळाडूंची संख्या याच मंडळाकडे अधिक होती, परंतु जागतिक महासंघाची म्हणजे 'फिफा'ची मान्यता होती गोऱ्यांच्या मंडळाला. सभासद एकीकडे आणि मान्यता दुसरीकडे! ज्यांनी मान्यताप्राप्त युनियनचे खटले चालवले आहेत त्यांना याहून अधिक सांगायला नको.

तर दक्षिण आफ्रिका स्पर्धेबाहेर गेली. परिणाम असा की चार संघांचे तीन उरले, इथिओपिया न खेळताच अंतिम सामन्यात पोचला आणि आफ्रिकेची ती पहिलीवहिली स्पर्धा अवघ्या दोन सामन्यांत आटोपली. इजिप्तने सुदानला २-१ असे हरवले, आणि १६ फेब्रुवारीला इथिओपियाला ४-० असे हरवून चषक नेला. चारही गोल एकट्या अद्-दिबा या खेळाडूने केले. (याच गृहस्थांनी पुढे १९६८ च्या अंतिम सामन्यात पंच म्हणून शिटी वाजवली. गोल करणारा पुढे न्याय करायला बसला, अशी उदाहरणे थोडी.) स्पर्धा नवी, चषक नवा, देश गरीब, आणि चारांतला एक संघ आपल्या हाताने घालवायचा, ही किंमत लहान नव्हती. तिघांनी ती पहिल्याच दिवशी मोजली.

"खेळात राजकारण आणू नये," असे सांगणारी मंडळी तेव्हाही होती आणि आज या सभागृहातही असतील. त्यांना मी आपल्या घरातलीच गोष्ट सांगतो.

पुण्यात पळवणकर बाळू नावाचा चर्मकार समाजातला तरुण गोऱ्यांच्या क्लबात नोकरीला होता. खेळपट्टीची निगा राखायची, जाळे बांधायचे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. त्याची डावखुरी गोलंदाजी पाहून हिंदू क्लबाने त्याला संघात घेतले. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू सगळ्यांना चाले. चहाच्या वेळी मात्र त्याला बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. हाच बाळू १९११ साली भारतीय संघातून इंग्लंडला गेला आणि त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊन आला. मुंबईत तेव्हा सामने धर्मावर भरत : हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन. म्हणजे बाहेर धर्माची भिंत आणि हिंदू संघाच्या आत जातीची. बाळूला कप्तानपद कधी दिले नाही.

१९२० च्या सामन्यांसाठी बाळूंना वगळले आणि धाकटे भाऊ विठ्ठल यांचा कप्तानपदाचा हक्कही डावलला. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. मी याला संपच म्हणतो. दोन माणसांचा संप, पण वेळ अचूक साधलेली, कारण त्यांच्यावाचून संघ लंगडा पडत होता. अंतिम सामन्याला बाळू उपकप्तान म्हणून संघात आले आणि भाऊही परतले. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले आणि त्यांनी युरोपियनांना हरवले. खेळात राजकारण कोणी आणले हो? चहाचे भांडे वेगळे ठेवणाऱ्याने, की ते खपवून न घेणाऱ्याने? धर्मावर भरणारे ते सामने १९४६ नंतर बंदच झाले, आणि क्रिकेटचे त्यावाचून काही अडले नाही.

आता पुन्हा आफ्रिकेकडे. खार्टुमनंतर सात वर्षांनी मोठा संप झाला. १९६६ च्या जागतिक स्पर्धेत सोळा जागा होत्या. त्यांतल्या दहा युरोपला, चार दक्षिण अमेरिकेला, एक उत्तर व मध्य अमेरिकेला. आणि आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया या सगळ्यांना मिळून उरलेली एक. आफ्रिकेतून जो पहिला येईल त्याने आशियातल्या पहिल्याशी पुन्हा झगडायचे. त्यातच, १९६१ साली निलंबित केलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या मंडळाला १९६३ मध्ये फिफाने परत आत घेतले होते. घानाचे क्रीडाप्रमुख ओहेने जान आणि इथिओपियाचे टेसेमा यांनी पुढाकार घेतला, घानाचे अध्यक्ष एन्क्रूमा पाठीशी उभे राहिले, आणि १९६४ मध्ये आफ्रिकेच्या पंधरा देशांनी जागतिक स्पर्धेवर बहिष्कार टाकला.

संपाची परीक्षा कशात असते? जो संप करून सर्वांत जास्त गमावणार, तो उभा राहतो का यात. घानाचा संघ त्या काळी आफ्रिकेत अव्वल होता. ग्याम्फी नावाच्या त्यांच्याच माणसाच्या शिकवणीखाली त्यांनी १९६३ आणि १९६५ असा दोनदा आफ्रिकेचा चषक जिंकला. जागतिक स्पर्धेला जाण्याची खरी आशा त्यांनाच होती, आणि पुढाकारही त्यांचाच होता. त्या पिढीतले उत्तम खेळाडू जगाला दिसले नाहीत ते नाहीतच. फिफाने वर दंडही ठोठावला. पण पुढच्या खेपेस, १९७० साली, आफ्रिकेला स्वतःची एक जागा मिळाली आणि मोरोक्कोचा संघ मेक्सिकोला गेला. पश्चिम जर्मनीविरुद्ध त्यांनी पहिला गोल केला. मग हरले, २-१. १९३४ च्या इजिप्तनंतर जागतिक स्पर्धेत दिसलेला हा पहिला आफ्रिकी संघ. छत्तीस वर्षांनी!

दक्षिण आफ्रिकेचे निलंबन १९६४ मध्ये पुन्हा लागू झाले आणि १९७६ मध्ये, सोवेटोत विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच वर्षी, फिफाने त्यांना काढूनच टाकले. या लढ्यात आपल्या देशानेही आपला वाटा उचलला. दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद करणारा पहिला देश भारत, १९४६ साली. म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी. आणि १९७४ मध्ये आपला टेनिस संघ पुण्यात रशियाला हरवून डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत गेला. तोवर तो चषक चारच देशांत फिरत होता. समोर दक्षिण आफ्रिका आली. भारताने खेळायचे नाकारले आणि चषक सोडून दिला. अमृतराज बंधूंच्या हातून आयुष्यातली ती संधी गेली. सरकारचा तो निर्णय मला योग्यच वाटतो. पण निर्णय दिल्लीत झाला आणि त्याग खेळाडूंच्या वाट्याला आला, हेही विसरू नये.

१९९६ साली आफ्रिकेचा चषक दक्षिण आफ्रिकेतच भरला. ३ फेब्रुवारीला जोहान्सबर्गला त्यांनी ट्युनिशियाला २-० असे हरवले. दोन्ही गोल बदली म्हणून आलेल्या मार्क विल्यम्सचे. कप्तान नील टोवी गोरा, भोवतीचे बहुतेक सोबती काळे, आणि मैदानावर संघाचाच सदरा घातलेले नेल्सन मंडेला. एकोणचाळीस वर्षांपूर्वी जो संघ पाठवायला मंडळाने नकार दिला होता, तोच हा संघ.

इथे थांबलो असतो तर कथा गोड झाली असती. पण संघटना मोठी झाली, तिच्याकडे पैसा आणि अधिकार आला, की ती मालकासारखी वागू लागते, हे आम्ही आमच्या चळवळीतही पाहिले आहे. ८ जानेवारी २०१० रोजी टोगोचा संघ या चषकासाठी बसने अंगोलातील काबिंडा भागात शिरत असता बंदूकधाऱ्यांनी बसवर गोळीबार केला. सहायक प्रशिक्षक आणि प्रसिद्धी अधिकारी प्राणास मुकले, गोलरक्षक कायमचा जायबंदी झाला. टोगो सरकारने उरलेल्यांना घरी बोलावले. यावर आफ्रिकी महासंघाने काय करावे? सरकारने खेळात हस्तक्षेप केला म्हणून टोगोला पुढच्या दोन स्पर्धांतून बाद केले! कामावर जाताना अपघातात माणसे दगावली आणि वाचलेल्यांना गैरहजेरीची नोटीस दिली, असा हा प्रकार. ज्या महासंघाचा जन्म नकारातून झाला, त्याला दुसऱ्याचा नकार सोसेना. पुष्कळ ओरड झाली, मध्यस्थी झाली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात बंदी उठली.

आज हे खेळाडू बहुतेक युरोपच्या क्लबांत नोकरीला असतात. चषक बहुधा जानेवारीत भरतो, नेमका तिथला हंगाम ऐन भरात असताना. नियमाप्रमाणे क्लबाने त्यांना सोडलेच पाहिजे, तरी दरवेळी कुरकुर होते. पगार आम्ही द्यायचा आणि रजा देशासाठी, असे त्यांचे म्हणणे. २०१९ पासून स्पर्धेत चोवीस संघ असतात. तीन देशांपासून इथवर.

टोगोचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील म्हणून सांगतो. २०१३ चा चषक पुन्हा दक्षिण आफ्रिकेत भरला. टोगोचा संघ आला, अडेबायोर त्यांच्यात होता, आणि तो उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला. तिथे बुर्किना फासोने जादा वेळेत एक गोल करून त्यांना हरवले.