रेणूंचा शेजार

आमच्या कुर्डुवाडीला ओळख दिली ती रेल्वेनं. १८९७ साली इथून बार्शीकडे अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी सुरू झाली. इंजिन अर्थातच वाफेचं. त्यासाठी कोळसा फार लागे, आणि त्याचं कारण पाण्याच्या स्वभावात आहे. एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला १०० कॅलरी उष्णता पुरते. त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला मात्र आणखी ५४० लागतात!

एवढी उष्णता जाते कुठे? रेणू तर फुटत नाही. वाफेतही तो दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असाच राहतो. तुटतो तो रेणूरेणूंमधला शेजार.

मी कलाशाखेचा पदवीधर, कविता लिहिणारा. पण हा शेजार मला मोह घालतो. त्याच्या मुख्य तऱ्हा तीन. पहिली सर्वच रेणूंत असते. इलेक्ट्रॉन क्षणभर एका बाजूला सरकतात, शेजाऱ्याचेही सरकवतात, आणि ओढ निर्माण होते. फ्रिट्झ लंडन यांनी १९३० साली तिचा उलगडा केला. रेणू लांब, तितकी ओढ जास्त. म्हणून स्वयंपाकाचा गॅस उडतो, रॉकेल वाहतं आणि मेणबत्ती घट्ट उभी राहते. तिन्हींत कार्बन आणि हायड्रोजनच.

दुसरी तऱ्हा, ज्यांची दोन टोकं कायम किंचित धन-ऋण असतात त्यांची; जसं नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन. तिसरा हायड्रोजन बंध. तो रेणूच्या आतल्या बंधाच्या जेमतेम विसाव्या हिश्श्याचा. पण पाण्याचा एक रेणू चार शेजाऱ्यांना धरू शकतो. कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड पाण्याहून जवळजवळ दुप्पट जड, तरी उणे ६० अंशांनाच उकळतो. हा बंध नसता तर नदी नसती, विहीर नसती.

माठ गार होतो तोही यामुळेच. पाझरलेलं पाणी उडताना उरलेल्या पाण्यातली उष्णता नेतं. अंगावरच्या घामाचंही तेच. एक लिटर घाम पुरता उडाला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वैशाखात खुरपणाऱ्या बाईचा, हमालाचा जीव यावरच तगतो. पण घाम यायला आधी पोटात पाणी हवं. ते मिळालं नाही की उष्माघात दूर नसतो.

पाणपोई घालणाऱ्या आपल्या वाडवडलांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं. तहान ठाऊक होती. यंदा उन्हाळ्यात दाराशी एक माठ भरून ठेवा, आणि येणाऱ्याला त्याचं नाव-गाव न विचारता पाणी द्या.