ढोल मोजा, पैसे मोजू नका

यवतमाळच्या वसंत व्याख्यानमालेत त्या संध्याकाळचा जाहीर विषय होता ‘उत्सवाचं अर्थकारण’. वक्त्यांनी सोबत आणलेला ताशा टेबलावर ठेवला आणि पहिल्या दोन मिनिटांतच आपलं म्हणणं सांगून टाकलं. स्पर्धेत उतरणाऱ्या ढोल-ताशा पथकांना मर्यादा हवीच. पण ती खर्चाला घालून भागणार नाही, वाद्यांना घालावी लागेल. ते स्वतः आधी ताशावादक, मग स्पर्धांचे परीक्षक. इतक्या वर्षांत हे मत पक्कं झालेलं. पुढे सव्वा तास ते कुठल्याही वाटेने गेले तरी येऊन पोहोचले ते इथेच.

“यवतमाळकरांना दुर्गोत्सव समजावून सांगणं म्हणजे वणीकरांना कोळसा दाखवणं,” असं म्हणून त्यांनी प्रास्ताविक आटोपलं. हशा पिकला. सोयाबीन घरात येतं त्याच सुमारास वर्गणीची पावतीपुस्तकं निघतात. शेजारच्या मंडळाने चाळीस ढोल आणले की आपल्याला साठ हवे असतात. हीच चढाओढ पथकांमधून स्पर्धेच्या रिंगणात उतरते. बहुतेक पथकांत पोरं-पोरी हौसेने, फुकट वाजवतात. पैसा जातो तो ढोल-ताशे, झांजा, ध्वज, फेटे, वाद्यांची फुटलेली पानं, सरावाच्या जागेचं भाडं आणि वाद्यांचा ट्रक यांवर. ज्या पथकामागे पुढारी किंवा बिल्डर उभा, त्याचा ताफा मोठा.

पुण्याचं प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे, असं धरूनच ते पुढे गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने विसर्जन मिरवणुकीत एका पथकात ३० पेक्षा जास्त वादक नकोत, असं बजावलं. १२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या मर्यादेला स्थगिती दिली. लवादाचा विषय गोंगाटाचा होता, आपला विषय स्पर्धेतल्या न्यायाचा आहे, दोन्हींची गल्लत करू नका, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मिरवणुकीत हवे तेवढे वाजवा, रिंगणात मात्र सगळे सारखे.

मग त्यांनी ताशा कमरेला बांधला. दोन लवचीक काड्या हातात घेतल्या. काड्यांची सलग सर अगदी हळू सुरू झाली आणि तिच्यात एकेक ठोका पडू लागला. मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. पान चामड्याचं असताना ते विस्तवावर शेकून ताणावं लागायचं, पावसात ढिलं पडायचं. आता प्लास्टिकच्या पानाला पावसाची भीती नाही, हेही त्यांनी वाजवता वाजवताच सांगितलं. काड्या खाली ठेवल्या आणि गणित मांडलं.

एका ढोलाच्या जागी तसेच दोन ढोल वाजवले तर आवाज ३ डेसिबलने वाढतो. दहाचे वीस केले तरी ३ डेसिबलच. दहाचे शंभर केले तर १० डेसिबल, आणि कानाला आवाज ढोबळमानाने दुप्पट वाटायला तेवढे लागतातच. म्हणजे ढोल दहापट, पानं दहापट, ट्रक दहापट; ऐकणाऱ्याला मात्र दुप्पट. शिवाय आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ओळ ३४ मीटर लांबली की पुढच्या ताशाचा ठोका शेवटच्या ढोलाला सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येतो. द्रुत लयीत एवढ्यात ठोका फाटतो. मोठ्या ताफ्याने डोळे दिपतात, ताल मात्र सैल होतो. आणि परीक्षकही माणूसच, तो दिपून गुण देतो.

इथून गाडी अमेरिकेला गेली, आणि बराच वेळ तिथेच राहिली.

तिकडे पितळी वाद्यं, ड्रम आणि झेंडे घेऊन फुटबॉलच्या मैदानावर स्पर्धा करणारी तरुणांची पथकं आहेत. त्यांची ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही संस्था १९७२ पासून अजिंक्यपद स्पर्धा घेते. वादकांच्या संख्येला मर्यादा, वयाला मर्यादा, खर्चाला नाही. वैद्यकीय उपकरणांच्या धंद्यात गब्बर झालेल्या बिल कुक यांनी इंडियाना राज्यात ‘स्टार ऑफ इंडियाना’ हे पथक उभं केलं. १९८५ मध्ये, पहिल्याच हंगामात, ते अंतिम फेरीत पोहोचलं. १९९१ मध्ये अजिंक्य ठरलं. विजेतेपद विकत घेतलं, अशी कुजबुज मैदानाबाहेर चालू होती. १९९३ मध्ये ते अवघ्या एक दशांश गुणाने ‘कॅडेट्स’ या पथकाकडून हरलं, ९७.३ विरुद्ध ९७.४. त्यानंतर स्पर्धेतूनच बाहेर पडलं आणि पुढे त्याच मंडळींनी ‘ब्लास्ट’ हा रंगमंचीय कार्यक्रम उभा केला. तो २००१ मध्ये ब्रॉडवेवर आला आणि त्याला टोनी पुरस्कारही मिळाला.

एवढ्यात मधल्या रांगेतून आवाज आला, “भाऊ, पैसेवाला हरला तं मंग मर्यादा काहून पाह्यजे?”

टाळ्या पडल्या. वक्त्यांचा चेहरा किंचित ताठ झाला. पैशाने दरवेळी जिंकताच येतं असं आपण म्हटलेलंच नाही, ते म्हणाले. एका माणसाच्या पैशावर उभं राहिलेलं पथक स्पर्धेत राहील की जाईल, हेही त्या एका माणसावर अवलंबून राहतं. जिंकलेले ‘कॅडेट्स’ही २०२४ मध्ये बंद पडले, कोर्टकज्ज्यांच्या ओझ्याखाली. सत्तरच्या दशकात अशी पथकं शेकड्यांनी होती, आज डझनांत मोजावी लागतात. स्पर्धेत ध्वनिवर्धकाला २००४ मध्ये आणि इलेक्ट्रॉनिक वाद्यांना २००९ मध्ये परवानगी मिळाली, आणि नव्या यंत्रांसोबत नवे खर्चही आले. पोरांना एका उन्हाळ्यासाठी हजारो डॉलर भरावे लागतात. “कापूसवाल्याच्या पोराले हे परवडंन का?” या प्रश्नाला सभागृह गप्प राहिलं.

“मग सरळ खर्चालाच मर्यादा घाला,” एक प्राध्यापक म्हणाले. वक्ते जणू याचीच वाट पाहत होते. आयपीएलच्या २०२५ च्या लिलावात प्रत्येक संघाला १२० कोटींची मर्यादा होती आणि ती पाळली गेली, कारण बोली सगळ्या जगासमोर लागते. विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात ४० लाखांची मर्यादा आहे. हा आकडा उच्चारताच सभागृहात जो हशा उसळला, त्यातच उत्तर आलं. शिवाय पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाहीच. उद्या पथकाला दोन लाखांची मर्यादा घातली तर ढोल कुणीतरी ‘भेट’ देईल, ट्रक ‘मित्राचा’ असेल. पावती खोटी करता येते, पण रिंगणात उभा असलेला ढोल परीक्षक बसल्या जागेवरून मोजतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. वेळ संपत आली होती. वक्त्यांनी नियम भराभर वाचले: रिंगणात जास्तीत जास्त ३० ढोल आणि ८ ताशे, वादनाला १५ मिनिटं, ध्वनिवर्धक नाही, पोशाखाला गुण नाहीत.

“आमच्या पथकात शंभरावर पोट्टे-पोट्ट्या हायेत,” एक तरुणी उभी राहिली. “बाकीच्यायनं घरी बसाचं का?” आक्षेप नेमका होता आणि वक्त्यांनी तो मानला. म्हणून तर प्रत्येक पथकाला दोन फेऱ्या द्यायच्या आणि दुसऱ्या फेरीत निम्मे वादक नवे हवेत, असं त्यांनी सुचवलं. मग पथक नुसती निवडक पोरं घडवणार नाही, साऱ्यांना शिकवेल.

शेवटचा प्रश्न एका डफडेवाल्याचा होता. लग्नात, पोळ्याला पिढ्यान्‌पिढ्या वाजवणाऱ्यांच्या सुपाऱ्या आता पथकं नेतात, आमचं काय? घंटा वाजली होती, अध्यक्ष उठले होते. वक्त्यांनी त्यांना हातानेच थांबवलं. यावर स्वतंत्र व्याख्यान हवं, एवढंच बोलून त्यांनी संयोजकांकडे द्यायच्या कागदावर आणखी एक नियम हाताने लिहिला आणि वाचून दाखवला: पारंपरिक वाजंत्र्यांचा गट वेगळा, बक्षिसाची रक्कम पथकांइतकीच, आणि येण्या-जाण्याचा खर्च आयोजकांनी आगाऊ द्यायचा.